मुळेसरांचा ‘क्यून’

रस्ता ओलांडताना मुळेसर शेजारी जो कोणी उभा असेल त्याचा हात धरायचे. माणूस ओळखीचा असो की अनोळखी, त्यांना फरक पडत नसे. श्रीरामपूरच्या मेन रोडवर उसाच्या ट्रॉल्या, रिक्षा आणि मोटरसायकलवर तिघं-तिघं बसलेली कॉलेजची पोरं यांची झुंबड चाललेली असायची. हे उंच, सडपातळ, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ कडेला उभे राहून दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा बघायचे आणि शेवटी शेजाऱ्याला म्हणायचे, “आपण पलीकडे जाणार का? मग मी आपला हात धरतो.” आमची पहिली भेट अशीच झाली. मी दवाखान्यातली ड्यूटी संपवून निघाले होते. पलीकडे पोचल्यावर माझा हात सोडून ते म्हणाले, “आभारी आहे. मला आता क्लासला जायचंय. आपल्याला?”

“मलाही. जर्मनच्या.”

“अरे वा, मग तो मीच शिकवतो,” असं म्हणून ते खूश होऊन पुढे चालायला लागले. ज्यांच्याकडे शिकून मी विमानात बसायची स्वप्नं बघत होते, त्यांना मेन रोडसुद्धा एकट्यानं ओलांडता येत नव्हता!

सर मूळचे नेवाशाचे. घरात पिढ्यान्‌पिढ्या पुराण सांगणं आणि शिकवणं. त्यांनी हायस्कूलमध्ये संस्कृत शिकवण्यात जन्म घालवला आणि संस्कृतच्याच नादानं ते जर्मनपर्यंत गेले. का, तर संस्कृतवरची मोठमोठी पुस्तकं तिकडच्या लोकांनी लिहिली आहेत आणि ती त्यांच्याच भाषेत वाचायची सरांना हौस. निवृत्तीनंतर नर्सिंग झालेल्या मुलींना जर्मनीत मागणी आहे हे कळलं आणि सरांनी एका शाळेमागची खोली घेऊन क्लास सुरू केला. आम्ही तिथं सगळ्या जातिधर्मांच्या पोरी होतो. माझी मैत्रीण रूथ त्यांना पाठीमागे ‘मुळं खणणारे मुळे’ म्हणायची, कारण सर शब्दाचा अर्थ सांगून कधी थांबायचेच नाहीत. “शब्दाला आधी विचारावं, बाबा रे, तू कुणाचा? मग तो बोलतो,” असं म्हणत ते फळ्यावर खोल खोल जात राहायचे आणि आमचा परीक्षेचा धडा तिथंच पडून राहायचा.

सर आता नाहीत. मी इथं जर्मनीत असतानाच ते गेले. रूथनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी ड्यूटीवर होते. ती पूर्ण केली आणि मग बसथांब्यावर बसून पोटभर रडले.

पण त्यांच्या भित्रेपणाचं राहिलंच. सर कुत्र्याला भीत, लिफ्टला भीत, इंजेक्शनला तर इतके भीत की आम्ही साऱ्या नर्सा आहोत हेही त्यांना विसरायला आवडे. आणि यातलं ते काहीच लपवत नसत. “मी भित्रा आहे,” असं दुसरा कुणी “मी नेवाशाचा आहे” म्हणेल तितक्या सहज सांगत. मात्र ज्या गोष्टीची भीती वाटे तिची ते बसून माहिती काढत. “आधी माहीत करून घ्या, मग हवं तेवढं घाबरा,” हे त्यांचं नेहमीचं बोलणं. पोरी नकला करायच्या या वाक्याच्या. मीही करायची.

एकदा दुपारी आमच्या खोलीला लागून असलेल्या भजीवाल्याच्या टपरीत आरडाओरडा झाला. सिलिंडरच्या तोंडाशी जाळ भडकला होता. भजीवाला कढई सोडून रस्त्यावर, गिऱ्हाईकं त्याच्याही पुढे, आणि आम्ही पोरी वह्या टाकून अंगणात. सगळे लांबून एकमेकांना “पाणी टाका, पाणी टाका” सांगत होते. तेवढ्यात बघते तर सर आमच्या माठाखालचं गोणपाट बादलीत बुचकळत होते. ते ओलं गोणपाट ढालीसारखं पुढे धरून ते न पळता आत गेले, जाळावर टाकलं आणि खाली हात घालून चावी फिरवली. झालं. बाहेर आले तेव्हा चेहरा पांढराफटक. रूथनं पाणी दिलं.

“सर, तुम्हाला भीती नाही वाटली?” मी विचारलं.

“वाटली ना! गॅसची मला फार भीती. म्हणून तर सिलिंडर पोचवायला येतो त्या माणसाला दर वेळी बसवून विचारतो. तो वैतागतो बिचारा.” मग थोडं पाणी पिऊन म्हणाले, “ती चावी कुठे असते, हे मला माहीत होतं. बाकी काही नाही.”

त्या दिवसापासून मी त्यांची नक्कल करायचं सोडलं.

आता तो शब्द. तो आमच्या क्लासात आला माझ्या चुकीमुळे, आणि ती चूक आमच्याच भागातली पोरगी करू जाणे. माझं गाव पाथर्डी तालुक्यात. आमच्याकडे नंबरला लंबर म्हणतात आणि लिंबाला निंबू. ल आणि न यांचं तिथं आपसात चांगलं जमतं. तोंडी परीक्षेची तयारी चालली होती. रक्तदाब उतरलेल्या पेशंटचं वर्णन करायचं होतं. त्याची कातडी ‘क्यूल’ म्हणजे गार लागते, असं म्हणायच्या ऐवजी मी जोरात म्हटलं, “क्यून!”

सरांनी खडू खाली ठेवला. “पेशंटची कातडी धाडसी आहे म्हणतेस? मग त्याला दवाखान्यात कशाला ठेवलंय? घरी पाठव.”

क्लास खो खो हसला. मीही हसले, पण सर हसायचे थांबून फळ्याकडे वळले होते. रूथनं मला कोपर मारलं, “घे, आता खणायला लागले.”

त्यांनी ‘क्यून’ लिहिलं. धीट, धाडसी. त्याखाली त्याचं फार जुनं रूप लिहिलं, ‘कुओनी’. मागून एक पोरगी ओरडली, “कुनी? कुनी न्हाई सर, आमीच हाय!” पुन्हा हशा. सरांना काही ऐकू येत नव्हतं. ते म्हणाले, “मुलींनो, गुडघ्याला जर्मनमध्ये काय म्हणतात?” ते आम्हाला पाठ होतं, “क्नी!” “आणि संस्कृतमध्ये? जानु. ज्याचे हात गुडघ्यापर्यंत पोचतात तो आजानुबाहू. बरं, मूल म्हणजे? किंट. आपल्याकडे जन्, जन्माला येणं. बघा, आपला जिथे ज, तिथे त्यांचा क. दोघी बहिणी, एकीनं एक बोली धरली, दुसरीनं दुसरी. आता मला सांगा, ओळखणं म्हणजे काय?”

“केनेन.”

“आणि येणं, जमणं?”

“क्योनेन.”

“आता त्या क-च्या जागी ज ठेवा.”

सरांनी फळ्यावर ‘ज्ञा’ लिहिलं. त्याखाली ‘जाण’. मग बाण काढला तो थेट ‘क्यून’पर्यंत. त्यांचा आवाज खाली आला, देवळात येतो तसा. “त्या लोकांच्या पूर्वजांकडे ‘क्यून’ म्हणजे आधी धाडसी नव्हताच. क्यून म्हणजे जाणता. ज्याला येतं तो. उत्तरेकडच्या त्यांच्या भाऊबंदांच्या भाषेत तर तो शब्द शहाणा, निपुण याच अर्थानं राहिला. लढाईत कोण पुढे जातो? ज्याला हत्यार चालवता येतं तो. पुरात कोण उडी टाकतो? ज्याला पोहता येतं तो. लोकांनी पाहिलं, की जो जाणतो तो भीत नाही, आणि जाणत्यालाच धीट म्हणायला लागले. आपल्या नेवाशात ज्या शब्दावाचून पान हलत नाही, तो ‘ज्ञान’ शब्द, आणि हा दूरदेशीचा धाडसी, हे एका आईची लेकरं आहेत. केवढं मोठं आहे हे! केवढं मोठं!”

मी तोवर शब्द म्हणजे पाठ करायची वस्तू समजत होते. त्या दिवशी अंगावर काटा आला. माझ्या चुकलेल्या एका अक्षरामागे हजारो वर्षांचा रस्ता असेल आणि त्याचं एक टोक माझ्याच तोंडात असेल, असं कधी वाटलं नव्हतं.

सरांना चेव चढला होता. “कुणाला पोहता येतं? जर्मनमध्ये सांगा.”

मी हात वर केला, “इश कान श्विमेन. पण आता नाही पोहत. आईनं बंद केलं.”

“का?”

“जाणती झाले म्हणून.”

मी अगदी सहज बोलले होते. आमच्याकडे मुलगी वयात आली की म्हणतात, जाणती झाली. विहीर बंद, उसाच्या गाडीच्या टपावर बसणं बंद, मोठ्यानं हसणं बंद. यात नवल ते काय? पण सरांनी एकदा फळ्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. त्यांच्या बाणाच्या एका टोकाला तो शब्द होता, ज्यानं जाणत्याला पुरात उडी टाकू दिली. दुसऱ्या टोकाला तोच शब्द माझी विहीर बंद करून बसला होता. शेवटी “आज एवढंच,” असं म्हणून त्यांनी क्लास सोडला. क्लास वेळेआधी सुटल्याचं मला दुसरं आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी आल्या आल्या मला म्हणाले, “सविता, ‘जाणती’चा तुझा अर्थ कोशात आहे गं. मीच तो कितीदा वाचून पुढे गेलो होतो.” एवढा विद्वान माणूस एका पोरीपुढे हे बोलला आणि मग शांतपणे हजेरी घ्यायला लागला.

परीक्षा मी पास झाले. मुलाखतही झाली, जर्मनीतल्या एका लहान गावातल्या रुग्णालयानं घेतो म्हणून कळवलं. आणि अण्णा, माझे वडील, नाही म्हणाले.

आई आणि अण्णा दोघंही ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की कोयते घेऊन कधी कोल्हापूरकडे, कधी कर्नाटकात. मी वसतिगृहात राहून शिकले. अण्णांनी शिकू दिलं, नोकरी करू दिली, म्हणून हा नकार मला जास्तच लागला. “श्रीरामपूरपातूर ठीक हुतं,” ते म्हणाले. “हाक मारली तर एष्टीनं येता येतं. जानती पोरगी घरात बरी. सोयरीक आलीय, बघू.” त्याआधी परदेशी पाठवणारा एक एजंट येऊन “काही म्हणजे काही होत नाही, गॅरंटी” असं सांगून गेला होता, त्यामुळे तर ते जास्तच बिथरले होते. मी क्लासला जायचं सोडलं. रुग्णालयाला उत्तर द्यायची मुदत जवळ येत होती आणि मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रूथनं सरांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सर दवाखान्याच्या दारात. “तुझ्या गावाला कोणती एसटी जाते? मधे कुठे बदलावी लागते? पाणी कुठे मिळतं? आणि तुझ्या घरी कुत्रं आहे का?”

“आहे. टायगर.”

सरांचा चेहरा पडला. “चावतं?”

“नाही, नुसतं अंगावर येतं.”

“बरं,” ते म्हणाले, “माहीत असलेलं बरं.”

नेवासा, शेवगाव करत आम्ही भर उन्हाचे गावी पोचलो. टायगर अंगावर आला. सरांनी डोळे मिटून तो वास घेईपर्यंत उभं राहायचं ठरवलं होतं, तसे ते राहिले. अण्णा लिंबाखाली बाज विणत बसले होते. त्यांनी सरांना बसायला घोंगडी टाकली आणि सुतळी ओढत राहिले. आई दाराशी उभी.

“तुमी धाडा म्हनायला आला असाल,” अण्णा म्हणाले.

“नाही. तुम्हाला काय काय विचारायचंय ते ऐकायला आलो.”

“मंग ईचारतो. तुमी गेलाय का तिकडं?”

“कधीच नाही. मला विमानाची भीती वाटते.”

अण्णांचे हात थांबले. त्यांनी सरांना पहिल्यांदा नीट बघितलं. मला वाटलं, झालं, संपलं. पण अण्णा विचारत गेले. ऱ्हायची खोली कुनाची? थंडी किती? हिला तिकडची भाकर गोड लागंल का? कामावर कुनी वाकडं बोललं तर जायाचं कुनाकडं? सरांना जे माहीत होतं ते त्यांनी सगळं सांगितलं, शाळेतल्या पोराला सांगावं तसं सावकाश. भाकरीचं विचारल्यावर म्हणाले, “गोड लागणार नाही. सवय होईल.” आई तिथं दारात डोळे पुसायला लागली.

मग अण्णांनी सुतळी खाली ठेवली. “आन्‌ हिला तिथं काय झालं, तर? मला कळंल कवा? मी पोचंल कवा?”

मी मनात म्हणत होते, खोटं बोला हो सर, एवढ्यापुरतं खोटं बोला.

“ते मला माहीत नाही,” सर म्हणाले. “तुम्ही वेळेवर पोचाल असं मी म्हणणार नाही.”

मला त्यांचा असा राग आला की काय सांगू! एवढ्या लांब उन्हातून येऊन हे सांगायचं होतं? पण अण्णा मान हलवत होते. “एजंट म्हनला, काय बी हुत न्हाई.”

“त्यालाही माहीत नव्हतं.”

“व्हय,” अण्णा म्हणाले. “आमाला तरी कुठं म्हाईत असतंय, फडात काय हुईल.” आणि ते माझ्याकडे वळले. “सवे, तुला काय म्हाईत हाय गं तिकडलं? तू सांग.”

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. हो का नाही एवढंच सगळे एकमेकांना विचारत होते. मी सुरुवातीला अडखळले. मग सांगत गेले. तिथं म्हातारी माणसं एकटी असतात, अण्णा. पडून पडून त्यांच्या पाठीला जखमा होतात. त्यांना कूस कशी बदलून द्यायची ते मला येतं. आपल्यापेक्षा दुप्पट वजनाचं माणूस एकटीनं उठवायची रीत असते, ती मला येते. श्वास थांबला तर पहिल्यांदा काय करायचं, कुणाला हाक मारायची, कोणत्या शब्दांत, ते येतं. ते शब्द मी त्यांना जर्मनमध्ये म्हणून दाखवले, जोरात, दवाखान्यात ओरडावे तसे. टायगर उठून भुंकला. मी म्हटलं, पहिले काही महिने मी रडेन, तेही मला माहीत आहे. तुमच्याबरोबर फडावर आले होते त्या वर्षी पाचटाच्या कोपीत रडले होते, तशीच. आणि मग राहीन.

बोलायची थांबले तेव्हा आई दारातून अंगणात आली होती. अण्णांनी सुतळीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, परत गुंडाळलं.

“लई जानती झाली गं पोरगी,” ते आईला म्हणाले. “येवढी जानती पोरगी घरात ठिवून काय करायची? जाऊ दे तिला.”

आई मोठ्यानं रडली आणि मी तिच्या गळ्यात पडले. त्या दुपारी ‘क्यून’ हा शब्द कुणीही उच्चारला नव्हता. सरांनी तो अण्णांना सांगितलाच नव्हता, हे नंतर माझ्या लक्षात आलं. तेव्हा मी फक्त सरांकडे बघितलं. ते घोंगडीवर ताठ बसले होते आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“परत म्हणा,” ते अण्णांना म्हणाले.

“काय?”

“आत्ता म्हणालात ते.”

अण्णा ओशाळले. काही चुकलं की काय, असं त्यांना वाटलं असावं. खाली बघत म्हणाले, “येवढंच म्हनलो, का पोरगी जानती झाली, तवा तिला जाऊ द्यावं.”

सरांनी अण्णांचा सुतळीनं काळवंडलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. “शब्दांचे अर्थ बदलले, हे मी जन्मभर पुस्तकांत वाचत आलो,” ते म्हणाले. “एक अर्थ बदलताना आज पाहिला. माझ्यासमोर, तुमच्या अंगणात.”

अण्णांनी एकदा सरांकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं, आणि हळूच आईला म्हणाले, “अगं, सरांना आधी पानी दे. ऊन लागलं वाटतं.”